पोटगी एकरकमी की दरमहा? सही करण्याआधी कराचा हिशोब

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल करायचा आहे आणि कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी ठरवून कोर्टात द्यायच्या अटींचा, मसुदा वकिलांकडे तयार होतोय. पतीने दोन पर्याय ठेवलेत, एकरकमी 40 लाख किंवा दरमहा 35,000. सात वर्षांची मुलगी तुमच्याकडे राहणार आहे. तुमचा पगार महिना 90,000 आहे. दोघांच्या नावावरचा फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर करून द्यायला ते तयार आहेत. यात कर कुठे आणि किती लागेल, असं वकिलांना विचारलंत, तर ते म्हणाले, "टॅक्सचं नंतर बघू."

ताई, हे नंतर बघण्याचं काम नाही. पोटगीवर कर लागेल की नाही, हे बहुतेक वेळा कन्सेंट टर्म्समधली चार वाक्यं ठरवतात. एकदा त्यांवर न्यायाधीशांचा शिक्का बसला की माझ्यासारख्या कर सल्लागाराच्या हातात फारसं काही उरत नाही. मसुदा अजून कच्चा आहे तोवर तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलंत.

आधी कायदा. 1961 च्या आयकर कायद्यात पोटगीबद्दल स्वतंत्र कलमच नाही. 1 एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी 2025 चा नवा कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण पोटगीची वेगळी तरतूद त्यातही नाही. (खाली मी जुनेच क्रमांक देते, कारण वकील आणि सीए अजून त्याच क्रमांकांनी बोलतात.) त्यामुळे सगळा डोलारा न्यायालयांच्या निकालांवर उभा आहे. घेणाऱ्या बाईच्या बाजूने महत्त्वाचा निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा, 1980 च्या दशकातला, प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणातला. त्यांना घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात एकरकमी रक्कमही मिळाली होती आणि दरमहा पोटगीही. न्यायालयाने दोन्हींना वेगळं मानलं. एकरकमी मिळालेली रक्कम भांडवली स्वरूपाची, म्हणून करमुक्त. दरमहा येणारी रक्कम मात्र हुकूमनाम्यातून नियमितपणे येणारं उत्पन्न, म्हणून 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली करपात्र. आजही सगळे याच निकालाच्या आधारे चालतात.

देणाऱ्याची बाजू याहून जुनी आहे. मुंबईचे करदाते सीतलदास तीरथदास यांनी बायको-मुलांना कोर्टाच्या हुकमाने दिलेली पोटगी उत्पन्नातून वजा मागितली होती, 1953-54 साठी 1,350 रुपये आणि 1954-55 साठी 18,000. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पैसा आधी तुमच्या हातात आला, तुमचं उत्पन्न झाला, मग तुम्ही तो कर्तव्य म्हणून खर्च केलात, तेव्हा वजावट नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) 1933 मध्ये बिजयसिंग दुधुरिया यांच्या प्रकरणात उलटं म्हटलं होतं, पण तिथे सावत्र आईच्या पोटगीचा बोजा थेट इस्टेटीवरच होता. नोकरदार नवऱ्याला त्याचा उपयोग नाही.

या दोन निकालांचा एकत्र परिणाम असा की दरमहा पोटगीचा तोच पैसा दोनदा कर भरतो. तुमचे पती 30 टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर वर्षाला 4,20,000 देण्यासाठी त्यांना उपकरासह साधारण 6,10,000 कमवावे लागतात. वरचे 1,90,000 सरकारात जातात. उरलेले तुमच्याकडे आले की त्यावर तुम्ही पुन्हा कर भरायचा. मला हे अन्याय्य वाटतं आणि मी ते प्रत्येक ठिकाणी बोलते. एकरकमी द्यायची ऐपत असलेल्या घरातली बाई करातून सुटते आणि ज्या घरात महिन्याच्या पगारातूनच पोटगी निघते तिथली बाई कर भरते. संसद हे एका ओळीच्या तरतुदीने दुरुस्त करू शकते. पण ती ओळ आज कायद्यात नाही, म्हणून आहे त्यात तुमचं हित कसं साधायचं ते पाहू.

आता तुमचे आकडे, आर्थिक वर्ष 2025-26 चे नव्या करप्रणालीचे दर धरून. पगार वर्षाला 10,80,000, त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट, म्हणजे करपात्र 10,05,000. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम 87ए ची करसवलत असल्याने आज तुमचा कर शून्य आहे. यात दरमहा 35,000 ची पोटगी मिळवा. पोटगीवर कुठलीही प्रमाणित वजावट नाही, पूर्ण 4,20,000 धरायचे. एकूण 14,25,000. बारा लाखांची रेषा ओलांडली की सवलत जाते आणि चार लाखांपासूनचा सगळा कर जागा होतो: 20,000, अधिक 40,000, अधिक वरच्या सव्वादोन लाखांवर 15 टक्क्यांनी 33,750. त्यावर 4 टक्के उपकर. एकूण 97,500.

शून्यावरून साडेसत्त्याण्णव हजार, तेही फक्त पोटगीमुळे. म्हणजे कागदावरचे 35,000 तुमच्या हातात महिन्याला 26,875 होऊन पडणार. खरोखर 35,000 हाती यायला हवे असतील, तर मसुद्यात सुमारे 44,600 चा आकडा लागेल. पती "35,000 म्हणजे भरपूर झाले" म्हणत असतील, तर हा हिशोब कागदावर मांडून समोर ठेवा. वाटाघाटीच्या टेबलावर तो बहुतेकांनी केलेलाच नसतो.

आणखी एक. पोटगीवर देणारा टीडीएस कापत नाही, म्हणून वर्षाचा कर 10,000 च्या वर जात असेल तर आगाऊ कर तुम्हालाच भरावा लागतो, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांना. किंवा ऑफिसला लिहून द्या की माझं इतर उत्पन्न एवढं आहे, पगारातूनच जादा टीडीएस कापा. नोकरी करणाऱ्या बाईला हा मार्ग सोपा पडतो. नाहीतर जुलैमध्ये रिटर्न भरताना व्याजाचा वेगळा भुर्दंड बसतो.

मात्र दरमहाचा पर्याय लगेच फेकून देऊ नका, त्यात मुलीचा हिस्सा लपलेला आहे. तुमच्या मसुद्यात बहुधा "अर्जदार क्र. 1 व मुलीच्या पोषणासाठी दरमहा रु. 35,000" असं एकत्र वाक्य असेल. ते तोडून घ्या. मुलीचं पोषण ही बापाची स्वतंत्र कायदेशीर जबाबदारी आहे. तो पैसा मुलीचा, आई तो तिच्या वतीने घेते. आयकर कायद्याच्या व्याख्येत बाप मुलीचा 'नातेवाईक' आहे आणि घटस्फोटाने ते नातं तुटत नाही. म्हणून मुलीच्या नावाने स्वतंत्र नोंदवलेली रक्कम आईचं उत्पन्न धरू नये, असं माझं ठाम मत आहे आणि मी रिटर्न याच पायावर भरते.

याने काय फरक पडतो पाहा. 35,000 पैकी 19,000 मुलीचे आणि 16,000 तुमचे असं लिहिलं, तर तुमची करपात्र पोटगी वर्षाला 1,92,000. एकूण उत्पन्न 11,97,000. कर शून्य. देणारा तेवढेच देतो, घेणारी तेवढेच घेते, फक्त एका वाक्याची दोन वाक्यं झाली आणि वर्षाला 97,500 वाचले. पण हा आकडा मुलीच्या खऱ्या खर्चाला धरून हवा. शाळेची फी, बस, क्लास, डॉक्टर, तिचा मेडिक्लेमचा हप्ता, घरखर्चातला तिचा वाटा, हे सगळं लिहून काढा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न आणि खर्चाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र देण्याची पद्धत घालून दिली, तसाच तक्ता भरून मसुद्याला जोडा. सात वर्षांच्या मुलीवर 19,000 दिसत नसतील तर 13,000 लिहा, पण खरं लिहा. 13,000 आणि 22,000 अशी विभागणी केली, तरी तुमचा कर सीमांत सवलत (बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही, उपकर वेगळा) धरून 71,760 वर येतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मुलीचा हिस्सा तुमच्यासारखा आयुष्यभराचा नसतो. तो तिच्या सज्ञान होण्याशी, शिक्षणाशी, लग्नाशी बांधलेला असतो. म्हणून तो कधीपर्यंत चालेल आणि दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल, हे मसुद्यात स्पष्ट हवं. "शिक्षण पूर्ण होऊन ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत, दरवर्षी दहा टक्के वाढीसह" असं काहीतरी. वाढीचं कलम नसेल तर दर काही वर्षांनी कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता एकरकमी 40 लाख. ही रक्कम तुमच्या हातात करमुक्त, पण तसं म्हणता येईल अशी भाषा मसुद्यात हवी. मी वकिलांना साधारण असं सुचवते: "अर्जदार क्र. 2 हे अर्जदार क्र. 1 यांना हिंदू विवाह कायदा कलम 25 अन्वये कायमस्वरूपी पोटगी म्हणून एकरकमी रु. 40,00,000 देतील. या रकमेने अर्जदार क्र. 1 यांचे मागील, चालू व पुढील पोटगीचे सर्व हक्क पूर्णपणे व कायमचे निकाली निघतील." यात 'एकरकमी' आणि 'सर्व हक्क कायमचे निकाली' हे शब्द कामाचे. पती म्हणाले की एकदम जमणार नाही, तीन-चार हप्त्यांत देतो, तरी चालेल. पण आधी एकूण रक्कम ठरवून लिहायची आणि मग "सोयीसाठी पुढीलप्रमाणे हप्त्यांत" असं लिहायचं. उलट "दरवर्षी दहा लाख याप्रमाणे चार वर्षं" असं लिहिलं, की ठरावीक काळाने येणाऱ्या उत्पन्नाचा वास त्याला लागतो आणि अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला जागा मिळते. पैसे तेच, वाक्याची रचना वेगळी.

रक्कम करमुक्त असली तरी तिच्यावरचं व्याज करपात्र, हे मात्र बायकांना कुणी सांगत नाही. चाळीसच्या चाळीस लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले, तर वर्षाला 2,60,000 व्याज. पगारासह 12,65,000. बारा लाखांची रेषा ओलांडली, सीमांत सवलत धरूनही कर 67,600. तुमच्या आजच्या पगारावर बारा लाखांपर्यंत 1,95,000 ची जागा आहे, म्हणजे याच दराने साधारण 30 लाखांची एफडी बसते. वरच्या दहा लाखांसाठी वेगळा विचार करा. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख, मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीत दीड लाख. दोन्हींचं व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. फ्लॅटचं कर्ज शिल्लक असेल तर त्यात काही भरा. पुढच्या वर्षी पगार वाढला की ही 1,95,000 ची जागा आक्रसेल, तेव्हा दर एप्रिलला हिशोब नव्याने करायचा.

मुलीच्या नावावर साधी एफडी केलीत, तर तिचं व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाईल. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. घटस्फोटानंतर मात्र जो मुलाला सांभाळतो त्याच्यात, म्हणजे तुमच्यात. सुकन्याला ही अडचण नाही.

मग दोन्हींत बरं काय? तुमचे आकडे पाहता मी एकरकमी घ्या म्हणेन, आणि मुलीची पोटगी वेगळी, दरमहा ठेवा. कर हे त्याचं एक कारण. दुसरं कारण वसुलीचं. दरमहाची पोटगी थकली की दरखास्त (वसुलीचा अर्ज), नोटीस, तारखा, पुन्हा तारखा, हे मी रोज पाहते. थकबाकीच्या करातही गुंता आहे. पगाराच्या थकबाकीला कलम 89 ची सवलत मिळते, पोटगीच्या थकबाकीला नाही. तीन वर्षांचे थकलेले पैसे एकदम आले, तर त्याच वर्षी सगळ्यांवर कर मागितला जाऊ शकतो. दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने 2013 मध्ये, थकलेल्या मासिक पोटगीच्या बदल्यात मिळालेली एकरकमी रक्कम भांडवली आणि करमुक्त मानली होती. असा वाद उभा राहिलाच तर तो निकाल उपयोगी पडतो, पण त्याच्या भरवशावर थकबाकी साचू देऊ नका.

एका गोष्टीवर मात्र मी फार आग्रही आहे. "कागदावर दहा लाख दाखवू, बाकी तीस बाहेरच्या बाहेर रोख" हा प्रस्ताव कुणीही आणला, नवऱ्याने, सासऱ्याने, मध्यस्थाने किंवा तुमच्याच मामाने, तरी साफ नाही म्हणा. कलम 269एसटीप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेइतकाच. म्हणजे तुम्हाला. शिवाय हुकूमनाम्याबाहेर घटस्फोटानंतर आलेल्या पैशाला पोटगीचं संरक्षण नाही. घटस्फोट झाला की माजी पती आयकर कायद्याच्या अर्थाने तुमचा 'नातेवाईक' राहत नाही. वर्षात 50,000 च्या वर मोबदल्याविना आलेली रक्कम मग पूर्ण करपात्र ठरू शकते. आणि तीस लाख रोख बँकेत भरायला गेलात, की वार्षिक माहिती विवरणात ते दिसणार आणि खुलासा तुमच्याकडे मागणार. सगळे पैसे डिमांड ड्राफ्ट किंवा आरटीजीएसने घ्या. ड्राफ्टचा क्रमांक, तारीख, बँक मसुद्यात लिहून घ्या. शक्य असेल तर मोठा हिस्सा दुसऱ्या मोशनच्या (संमतीच्या अर्जावरच्या शेवटच्या सुनावणीच्या) दिवशी, न्यायाधीशांसमोर.

अंतरिम पोटगी चालू असेल, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली खटला चालू असताना दरमहा काही येत असेल, तर तिचा विचार वेगळा आहे. लग्न कायद्याने अजून टिकून आहे, तुम्ही पती-पत्नी आहात, आणि पतीने पत्नीला दिलेला पैसा भेट म्हणूनही करपात्र नसतो. हुकूमनाम्याच्या तारखेपर्यंतच्या रकमेवर कर लागू नये, असं माझं मत आहे. बँकेच्या पासबुकात त्या तारखेवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. पुढचे पैसे वेगळ्या नियमाने मोजायचे आहेत.

फ्लॅटबद्दल. महाराष्ट्रात पतीने पत्नीला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (स्थानिक अधिभार वगैरे वेगळे). ही सवलत पती-पत्नी असेपर्यंत. हुकूमनामा झाला की नातं संपलं आणि नेहमीचं शुल्क लागेल. त्यामुळे फ्लॅटची तारीख आणि घटस्फोटाची तारीख यांचा क्रम वकिलांशी बसून ठरवा. पतीचा अर्धा हिस्सा तुमच्या नावावर आला म्हणून तुम्हाला आयकर नाही. तो भाड्याने दिलात तर भाडं पतीच्या उत्पन्नात मिळवलं जाईल का, अशी शंका काहीजण काढतात. एरवी मिळवलं जातं, पण वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात झालेलं हस्तांतर कलम 64 आणि 27 दोन्हींतून वगळलेलं आहे, आणि घटस्फोटानंतर तर प्रश्नच मिटतो.

फ्लॅटच्या बाबतीत खरी काळजी घ्यायची ती कागदांची. बक्षीसपत्राने मिळालेली मालमत्ता पुढे विकाल, तेव्हा पतीची मूळ खरेदीची तारीख आणि किंमत तुमची धरली जाते. पंधरा वर्षांनी त्यांच्याकडे जुना करारनामा मागायला जाणं तुम्हाला नको असेल. आत्ताच नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), बिल्डरच्या पावत्या, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, दुरुस्तीची मोठी बिलं, सगळ्यांच्या प्रती घ्या. कर्जावर त्यांचंही नाव असेल तर बँकेची लेखी संमतीही लागेल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही बदलून घ्या. स्त्रीधन परत मिळणार असेल, तर ते तुमचंच आहे, त्यावर कर नाही. मात्र दागिन्यांची वजनासह यादी दोघांच्या सह्यांनी करून ठेवा.

तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या जोडप्यांचं पगाराखेरीजचं उत्पन्न कलम 5ए प्रमाणे निम्मं-निम्मं दोघांच्या नावे मोजतात. घटस्फोटानंतर ती विभागणी थांबते. आणि सामाईक मालमत्तेतला निम्मा वाटा हा मुळात त्या बाईचाच असतो, त्याला पोटगी समजून कराची भीती बाळगू नये. दुसरी गोष्ट परदेशातल्या नवऱ्यांची. अमेरिकेत 2018 नंतरच्या घटस्फोटांत देणाऱ्याला पोटगीची वजावट नाही, कॅनडात कोर्टाच्या हुकमाने किंवा लेखी कराराने नियमित दिलेल्या पोटगीला आहे. पण पुण्यात राहणाऱ्या बाईला तो पैसा डॉलरमध्ये आला म्हणून भारतातला नियम बदलत नाही. दरमहा आला तर इथे करपात्रच. तेव्हा कॅनडातल्या पतीकडून पोटगी ठरवताना त्याची वाचणारी रक्कम लक्षात घेऊन आकडा वाढवून मागायला हरकत नाही.

रिटर्नचं शेवटी. एकरकमी रक्कम ज्या वर्षी येईल, त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात ती दाखवा, रिकामं सोडू नका. तीस लाखांची एफडी होताच बँक ती माहिती खात्याला कळवते. तिथे तीस लाख आणि तुमच्या रिटर्नमध्ये काहीच नाही, असं दिसलं की पत्र येतं. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत कोर्टातून एकाऐवजी तीन काढा. एक बँकेला, एक सोसायटीला आणि एक तुमच्या कपाटात, ड्राफ्टच्या झेरॉक्ससोबत. मसुदा तयार झाला की सही करण्याआधी पोटगीचा परिच्छेद कर जाणणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, आणि मुलीचा आकडा वेगळ्या वाक्यात आला आहे ना, हे स्वतः पाहा.